गिल्डची नियमावली कशी वाचायची

मध्ययुगीन युरोपातल्या कारागिरांच्या गिल्डवर, म्हणजे एकेका धंद्याच्या संघटनेवर, टिपण लिहा, कादंबरी लिहा नाहीतर एखादा खेळ रचा, शेवटी हाताशी येतात त्या गिल्डच्या नियमावल्याच. बऱ्याचशांची इंग्रजी भाषांतरं मिळतात, मजकूर फार मोठा नसतो, कलमं आखीव असतात. फसगत नेमकी इथेच होते. कलम वाचायचं आणि ‘त्या काळी असं चालायचं’ असं लिहून मोकळं व्हायचं, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग. पुष्कळ कलमं तसं चालत नव्हतं म्हणूनच लिहावी लागली. म्हणून प्रत्येक कलमाला तीन प्रश्न विचारायचे: हे लिहून घेण्याची गरज कोणाला पडली, यातून सूट कोणाला मिळाली, आणि दंडाची रक्कम कोणाकडे गेली?

सुरुवातीला दोनच शहरं घ्या. पॅरिस, कारण नवव्या लुईच्या कारकिर्दीत शहराचा प्रोव्हो, म्हणजे राजाचा मुख्य अधिकारी, एतिएन ब्वालो याने 1268 च्या सुमारास शंभराच्या आसपास धंद्यांचे नियम एका ठिकाणी लिहवून घेतले. आणि लंडन, कारण तिथल्या 14व्या शतकातल्या नियमांमध्ये भांडणाचं कारणही बऱ्याचदा कलमातच नोंदलेलं असतं. पैशांचं कोष्टक शेजारी लिहून ठेवा. पॅरिसमध्ये 1 लिव्र म्हणजे 20 सू, 1 सू म्हणजे 12 दनिए. लंडनमध्ये 1 पौंड म्हणजे 20 शिलिंग, 1 शिलिंग म्हणजे 12 पेनी. मार्क हे फक्त हिशेबाचं एकक, 160 पेनींचं. दोन्हीकडे गणित सारखं, पण सू आणि शिलिंग यांची किंमत सारखी नव्हती, त्यामुळे एका शहराचा आकडा दुसऱ्या शहराच्या आकड्याशी थेट ताडू नका.

आधी शिक्का कोणाचा ते पाहा

पहिलं कलम वाचण्यापूर्वी ही नियमावली कोणी दिली ते शोधा. मागदेबुर्गच्या मोच्यांना 1158 साली सनद दिली ती आर्चबिशप विखमानने. लंडनच्या विणकरांना 1155 च्या सुमारास ती मिळाली दुसऱ्या हेन्री राजाकडून, आणि त्यापायी ते राजाच्या खजिन्यात दरवर्षी ठरलेली रक्कम भरत. पॅरिसला प्रोव्हो. लंडनमध्ये पुढे बऱ्याच धंद्यांचे नियम महापौर आणि आल्डरमन (शहराच्या कारभारी मंडळातले सभासद) यांच्यापुढे ठेवून त्यांच्या दप्तरात नोंदवले गेले. सनद देणारा बदलला की नियमांचा सूरही बदलतो. राजा पैसे घेऊन मक्तेदारी देतो तेव्हा ‘बाहेरच्याने हा धंदा करू नये’ हे कलम ठळक असतं. शहराचा कारभारी लिहून घेतो तेव्हा भेसळ, रात्रीचं काम, शेजाऱ्यांना होणारा त्रास यांना जागा मिळते.

गिल्ड असेलच असंही धरून चालू नका. न्यूर्नबर्ग हे कारागिरीसाठी नावाजलेलं शहर, पण 1348-49 च्या उठावानंतर तिथल्या नगरसभेने स्वतंत्र गिल्डना थाराच दिला नाही. उस्ताद (स्वतःचं दुकान असलेले कारागीर) होते, उमेदवार (त्यांच्या हाताखाली काम शिकणारी मुलं) होते, तपासणी होती, पण तपासणारे उस्ताद नगरसभेने नेमलेले. याच्या उलट टोक म्हणजे फ्लॉरेन्स. तिथे 21 गिल्ड होते, 7 मोठे आणि 14 छोटे, आणि 1293 च्या कायद्यानंतर शहराच्या कारभारात पद हवं असेल तर गिल्डमध्ये नाव असणं भाग होतं. कवी दान्तेचं नाव वैद्य आणि औषधविक्यांच्या गिल्डमध्ये आहे ते याच कारणाने. त्याने कधी मुळ्या कुटल्या नव्हत्या. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या सभासदांच्या यादीत एखादं नाव दिसलं, तर तो माणूस तो धंदा हाताने करत होता असं लगेच लिहू नका.

दाराचं कलम

धंद्यात कोण येऊ शकतो हे बहुधा पहिल्याच वाक्यात सांगितलेलं असतं. पॅरिसच्या सोनारांचं कलम म्हणतं की ज्याला व्हायचं आहे आणि ज्याला काम येतं, तो सोनार होऊ शकतो. अट एवढीच की त्याने धंद्याच्या रीतीप्रमाणे काम करावं. ब्वालोने लिहवून घेतलेल्या त्याच पुस्तकात लोकरीच्या विणकरांना मात्र धंदा करण्याचा हक्क राजाकडून विकत घ्यावा लागे. म्हणजे ‘गिल्डमध्ये शिरायला पैसे लागत’ हे सरसकट विधान एकाच शहरात, एकाच वर्षी अर्धवट ठरतं.

पण सोनारांचं दार खरंच उघडं होतं का? दाराचं कलम एकटं वाचायचं नसतं, उमेदवारीच्या कलमाशी जोडून वाचायचं असतं. सोनाराला बाहेरचा उमेदवार एकच ठेवता येई. स्वतःच्या किंवा बायकोच्या नात्यातले मात्र हवे तितके. बाहेरच्याला काम येणार ते शिकून, आणि शिकायला जागा एका उस्तादाकडे एकच. दार उघडं ठेवून ओसरीच अरुंद करण्याचा हा प्रकार आहे, आणि तो पहिल्या कलमावरून अजिबात कळत नाही.

उमेदवारीचा हिशेब मांडा

इथे घाई करू नका. आकडे असतील तर ते कागदावर मांडा, कारण गिल्डचं अर्थकारण इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं. पॅरिसच्या विणकरांचं कलम उस्तादाला बाहेरचा एकच उमेदवार ठेवू देतं आणि त्याच्यासाठी चार पर्याय देतं:

4 वर्षं सेवा आणि 4 लिव्र (म्हणजे 80 सू)
5 वर्षं सेवा आणि 60 सू
6 वर्षं सेवा आणि 20 सू
7 वर्षं सेवा, पैसे काहीच नाहीत

आता वजाबाकी करा. पाचवं वर्ष राबल्याने फी 20 सूंनी कमी झाली, सहावं राबल्याने 40 सूंनी, सातवं राबल्याने 20 सूंनी. म्हणजे मुलाच्या कामाला निश्चित किंमत होती, आणि ती शिकवणीच्या फीमधून वळती होत होती. ज्या घरात रोख पैसा होता त्या घरातला मुलगा तीन वर्षं आधी मोकळा होई. गरिबाचा मुलगा तीच शिकवणी अंगमेहनतीने फेडत असे. सातव्या वर्षापर्यंत कामात तयार झालेला हात उस्तादाकडे फुकट राबतो आहे, हेही इथेच दिसतं. ‘उमेदवारी इतकी लांब का, काम इतकं अवघड होतं का?’ या नेहमीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या चार ओळींत आहे.

हे आकडे किमान आहेत, हे विसरू नका. उस्तादाने त्याहून जास्त पैसे किंवा जास्त वर्षं मागायला हरकत नव्हती. कमी घ्यायला होती. म्हणजे कलम मुलाचं रक्षण करत नाही. एखाद्या उस्तादाने स्वस्तात चार मुलं ठेवून शेजाऱ्याचा धंदा बसवू नये, यासाठी ते आहे. त्याच नियमावलीत एका घरात दोन रुंद आणि एक अरुंद माग इतकीच परवानगी आहे, घराबाहेर एकही नाही. शिवाय अविवाहित मुलाच्या नावाने त्याच घरात पुन्हा तितकेच माग लावता येत. मर्यादा आणि तिला घरच्यांसाठी ठेवलेली पळवाट, दोन्ही एकाच कलमात.

सोनारांची उमेदवारी 10 वर्षांची. पण मुलगा खाऊनपिऊन वर्षाला 100 सू कमावण्याइतका तयार झाला, तर आधी सुटू शकतो. लंडनच्या नियमांत 7 वर्षं हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. सगळ्या इंग्लंडला तो कायद्याने लागू झाला तो मात्र 1563 साली, मध्ययुग सरल्यावर. तेव्हा ‘मध्ययुगात उमेदवारी 7 वर्षांची असे’ या वाक्याच्या आधी शहराचं आणि धंद्याचं नाव हवंच.

माल, कस आणि रात्र

सोनारांच्या नियमांत सोनं ‘पॅरिसच्या कसाचं किंवा त्याहून सरस’ असावं लागे. हा कस साधारण सव्वाएकोणीस कॅरटचा, म्हणजे ऐंशी टक्के सोनं. चांदी इंग्रजी स्टर्लिंग नाण्यांइतकी चोख हवी, म्हणजे हजारात 925 भाग. गंमत म्हणजे 1300 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने कायदा केला तेव्हा सोन्यासाठी त्याने पॅरिसचा कस घेतला. पॅरिस चांदीला इंग्लंडचं माप लावतं आणि इंग्लंड सोन्याला पॅरिसचं. दूरच्या बाजारात माल खपवायचा तर गिऱ्हाइकाला ओळखीचं माप लागतं. गिल्डच्या तपासणीमागे गावकीच्या अब्रूइतकाच हा व्यवहारही होता.

इंग्लंडच्या याच कायद्यात चांदीच्या वस्तूवर बिबट्याच्या डोक्याची मुद्रा आली. 1363 मध्ये बनवणाऱ्याची स्वतःची खूण सक्तीची झाली, आणि 1478 पासून वर्षाचं अक्षर. जुन्या भांड्यावर या खुणा एकत्र दिसल्या तर कोणती खूण कधीपासूनची ते या क्रमाने ताडता येतं. नियम कागदावर राहिला की धातूवर उतरला, हे तपासायची ही एक खात्रीची जागा.

रात्रीच्या कामावरची बंदी जवळजवळ प्रत्येक नियमावलीत सापडते, आणि तिचं ठरलेलं स्पष्टीकरण ‘अपुऱ्या उजेडात काम खराब होतं’ हे असतं. ते खोटं नाही. पण लंडनच्या, घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या लोखंडी आरी बनवणाऱ्यांची 1345 ची नियमावली उघडा. तिथे लिहिलंय की या धंद्यातले काहीजण दिवसभर काम न करता भटकतात, आणि दारू चढली की रात्री कामाला बसतात. भाता इतक्या जोरात चालवतात की भट्टी भडकते आणि धुराड्यातून ठिणग्या उडतात. आजारी माणसांना आणि सगळ्या आळीला त्यांच्या भांडणांचा जाच होतो, आगीची धास्ती असते ती वेगळीच. रात्रीच्या अंधारात तडकलेलं लोखंड खपवतात आणि खोट्या तांब्यावर सोन्याचा मुलामा चढवतात, ही तक्रारही आहेच. म्हणून सेंट सेपल्कर चर्चची रात्रीची घंटा झाली की काम बंद.

एका कलमात तीन वेगवेगळी भांडणं आहेत: शेजाऱ्यांचं आगीवरून, गिऱ्हाइकांचं भेसळीवरून, आणि वेळेवर काम करणाऱ्या उस्तादांचं वेळी-अवेळी काम करणाऱ्यांशी. टिपण काढताना ती वेगळी लिहा, कारण दुसऱ्या शहरात तोच नियम असला तरी त्यामागे यांतलं एकच कारण असू शकतं.

मग सूट कोणाला ते पाहा. पॅरिसच्या सोनारांना रात्री काम करता येत नसे, पण राजा, राणी, त्यांची मुलं, राजाचे भाऊ आणि पॅरिसचा बिशप यांचं काम असेल तर चालायचं. राजवाड्याच्या कामात उजेड पुरेसा पडत असावा. सूट पाहिली की ‘उजेड’ हे कारण कुठवर खरं आणि कुठून पुढे सोयीचं, ते ताडता येतं.

पंच आणि दंड

नियम मोडल्यावर कोण येऊन पकडतो? पॅरिसच्या सोनारांत दोन-तीन जाणते सोनार पंच म्हणून निवडले जात. मुदत संपल्यावर पुढची तीन वर्षं त्यांच्या इच्छेविरुद्ध पुन्हा नेमता येत नसे. या अटीवरून पंचपद मानाचं होतं की डोक्याला ताप, याचा अंदाज बांधा. खोटं सोनं वापरणारा सुधारेना तर पंच त्याला प्रोव्होपुढे नेत, आणि प्रोव्हो त्याला चार किंवा सहा वर्षांसाठी हद्दपार करी. शिक्षा गिल्ड देत नाही, राजाचा अधिकारी देतो. गिल्ड म्हणजे राज्यात राज्य, असं लिहायचा मोह झाला की हे कलम पुन्हा वाचा.

लंडनच्या आरी बनवणाऱ्यांचा दंड पहिल्या वेळी 40 पेनी, दुसऱ्या वेळी अर्धा मार्क, तिसऱ्या वेळी 10 शिलिंग, चौथ्या वेळी धंदा कायमचा बंद. सगळं पेनीत बदललं की शिडी स्पष्ट होते: 40, 80, 120. पहिल्या दंडातले अर्धे पैसे गिल्डहॉलला, म्हणजे शहराच्या कचेरीला, आणि अर्धे धंद्याला. शहराला वाटा मिळतो म्हणून शहर अंमलबजावणीत लक्ष घालतं. सगळा दंड गिल्डकडेच राहिला असता तर महापौराला त्याचं काय? कुठलीही नियमावली घ्या, दंडाच्या वाटणीची ओळ आधी शोधून अधोरेखित करून ठेवा.

पेटी आणि मेणबत्ती

हा भाग लोक ‘धार्मिक बाबी’ म्हणून उलटून टाकतात. तसं करू नका. तुरटी लावून पांढरं कातडं कमावणाऱ्या लंडनच्या कारागिरांनी 1346 मध्ये जे नियम नोंदवले, त्यांत पहिल्यांदा येते ती ऑल हॅलोज चर्चमध्ये जळत ठेवायची मेणबत्ती, आणि मग पेटी. म्हातारपणामुळे किंवा दुसऱ्या कारणाने काम थांबलेल्या सभासदाला पेटीतून आठवड्याला 7 पेनी. तो वारल्यावर त्याच्या बायकोला आठवड्याला 7 पेनी. तिने पुन्हा लग्न केलेलं नसावं आणि तिचं नाव चांगलं असावं, ही अट. 1350 साली लंडनमध्ये गवंड्याची उन्हाळ्यातली रोजची मजुरी जास्तीत जास्त 6 पेनी ठरवली होती. म्हणजे आठवड्याचा आधार एका दिवसाच्या मजुरीहून किंचित जास्त. उपाशी मरू नये इतकाच. (त्या दोन तारखांच्या मध्ये प्लेगची साथ येऊन गेली, त्यामुळे तुलना ढोबळच ठेवा.)

पॅरिसच्या सोनारांची पेटी वेगळ्या रीतीने भरायची. सणाच्या दिवशी सगळी दुकानं बंद, फक्त एक पाळीपाळीने उघडं. त्या दुकानातली मिळकत पेटीत पडायची आणि ईस्टरला ओतेल-दिय रुग्णालयातल्या गरिबांना त्यातून जेवण दिलं जायचं. सणाला बंदी, बंदीतून पाळी, पाळीतून निधी.

मिरवणुका आणि नाटकं याच खात्यात येतात. यॉर्क शहरात बायबलमधल्या प्रसंगांची नाटकं धंद्यांना वाटून दिलेली असत. नोहाचं तारू बांधायचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटचं भोजन पाव भाजणाऱ्यांकडे. मिरवणुकीतली जागा ही तर भांडणाची बाब होती. कोल्मार शहरातल्या पाव भाजणाऱ्या रोजंदार कारागिरांनी कॉर्पस ख्रिस्ती या सणाच्या मिरवणुकीतल्या आपल्या मानाच्या जागेवरून 1495 मध्ये काम सोडलं, आणि तो तंटा दहा वर्षं चालला.

ज्यांची नावं नाहीत

नियमावली उस्तादांनी लिहवून घेतलेली असते, हे शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. उमेदवारी संपली पण स्वतःचं दुकान नाही असा रोजंदार कारागीर त्यात येतो तो बहुधा ताकीद म्हणून: वर उल्लेखलेल्या कातडी कमावणाऱ्यांच्या नियमांत, मालकाशी उद्धटपणे वागणाऱ्या नोकराला महापौरापुढे प्रकरण मिटेपर्यंत कोणी काम देऊ नये असं कलम आहे. फ्लॉरेन्सच्या लोकरीच्या गिल्डमध्ये सभासद होते ते व्यापारी-मालक. लोकर पिंजणारे, विंचरणारे हजारो हात गिल्डच्या बाहेर आणि तरीही गिल्डच्या शिस्तीखाली. 1378 च्या चोंपी उठावात त्यांनी स्वतःचा गिल्ड मिळवला, आणि काही आठवड्यांतच तो मोडून काढला गेला.

स्त्रियांबाबत दोन्ही टोकं टाळा. पॅरिसमध्ये रेशीम कातणाऱ्या स्त्रियांचे स्वतंत्र धंदे ब्वालोच्या पुस्तकातच आहेत. कोलोनमध्ये सूत बनवणाऱ्या, सोन्याची तार कातणाऱ्या आणि रेशीमवाल्या स्त्रियांचे गिल्ड होते, आणि रेशीमवाल्यांचे नवरे बऱ्याचदा रेशमाचे व्यापारी. पण ही थोडी शहरं. इतरत्र स्त्री दिसते ती प्रामुख्याने उस्तादाची विधवा म्हणून, दुकान पुढे चालवताना.

कागदाबाहेर जाऊन ताडा

नियमावलीवर एकट्याने भागत नाही. पॅरिससाठी 1292 पासूनच्या करवसुलीच्या याद्या आहेत, माणसाचं नाव, आळी आणि पुष्कळदा धंदा यांसकट. नियमावलीत ज्या धंद्यात स्त्रिया दिसत नाहीत तिथे यादीत त्या दिसतात का ते पाहा. इंग्लंडमध्ये 1388 साली सरकारने सगळ्या गिल्डकडून त्यांची स्थापना, शपथा, मालमत्ता यांची माहिती मागवली होती. सुमारे पाचशे उत्तरं शिल्लक आहेत, पण त्यांतले बहुसंख्य गिल्ड कारागिरांचे नाहीत, धार्मिक मंडळं आहेत. दोन्ही एकाच ढिगात घालून ‘इंग्लंडमधले गिल्ड’ मोजले की आकडा फुगतो.

काळ ताडण्यासाठी दोन गोष्टींवर नजर ठेवा. उस्ताद होण्यापूर्वी करून दाखवायची परीक्षेची वस्तू 13व्या शतकात क्वचितच भेटते. 14व्या-15व्या शतकात ती पसरते. न्यूर्नबर्गच्या सोनारांना फुलाच्या आकाराचा पेला, खडा बसवलेली अंगठी आणि कोरलेला शिक्का अशा तीन वस्तू कराव्या लागत, पण ते 16व्या शतकात. जर्मन रोजंदार कारागिराची सक्तीची भटकंतीही बहुतेक ठिकाणी तेव्हाचीच. 1270 च्या पॅरिसमधल्या पात्राला तुम्ही परीक्षेची वस्तू करायला बसवलं किंवा तीन वर्षं गावोगाव फिरवलं, तर आधी त्याच धंद्याच्या त्याच काळातल्या कलमात तसं लिहिलेलं आहे का ते शोधा. नसेल तर तो प्रसंग काढून टाका आणि त्या जागी उमेदवारीचा करार ठेवा: किती वर्षं, किती सू, जेवण कोणाचं, कपडे कोणाचे, आणि मुलगा पळून गेला तर जबाबदार कोण.